व्हिएतनामहून कॉफी आणायची आहे : कुठली, कुठून आणि काय भावाने?

पायवाट (धागाकर्ता)

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह शहर या दोन्ही ठिकाणी थेट विमाने सुरू झाल्यापासून आपल्याकडचे बरेच लोक व्हिएतनामला जाऊन येत आहेत, आणि येताना जवळजवळ प्रत्येकाच्या बॅगेत कॉफी असते. महिनाभराने मात्र एकच तक्रार ऐकू येते : "तिथे प्यायलो तशी लागत नाही." २०२४ च्या एप्रिलमधल्या माझ्या पहिल्या फेरीनंतर मीही ती केली होती. दुसऱ्या फेरीत जरा चौकशी करून खरेदी केली, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी माझी फजिती सांगतो. सायगावच्या (हो ची मिन्ह शहराला तिथले लोक रोजच्या बोलण्यात अजून याच नावाने ओळखतात) एका गजबजलेल्या बाजारात काचेच्या मोठमोठ्या बरण्यांतून कॉफी विकायला ठेवलेली होती. गाळ्यावरच्या बाईंनी एकेक झाकण उघडून वास दिला. एका बरणीला चॉकलेटचा वास होता, दुसरीला लोण्याचा, तिसरीला व्हॅनिलाचा. किलोला ९०,००० डोंग भाव ठरला. रुपयाला साधारण ३०० डोंग धरले तर हे ३०० रुपये झाले. मी तीन किलो पूड घेतली आणि घासाघीस जिंकल्याच्या आनंदात हॉटेलवर परतलो. पुण्यात आल्यावर त्या पुडीवर उकळते पाणी ओतले, तर डांबरासारखा काळा, दाट आणि फेसाळ द्रव निघाला, आणि तो कोमट झाल्यावर त्याला जळक्या फुटाण्यांची चव येऊ लागली.

नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा लक्षात आले की ती कॉफी शुद्ध असणे अंकगणितातच बसत नव्हते. २०२४ च्या त्याच मार्च-एप्रिलमध्ये दुष्काळामुळे मध्य पठारावर शेतकऱ्याच्या दारातच न भाजलेल्या रोबस्टा (कॉफीची कडवट, कडक जात) बियांचा भाव किलोला १,००,००० डोंगांच्या पुढे गेला होता. बिया भाजताना त्यांतले पाणी उडते आणि वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते, म्हणजे एक किलो भाजलेल्या कॉफीला सुमारे १.२ किलो कच्च्या बिया लागतात. त्यावर भट्टी, दळण, वाहतूक, गाळ्याचे भाडे आणि बाईंचा नफा. हे सगळे सोसून जो माणूस मला ९०,००० डोंगांत एक किलो 'कॉफी' देत होता, तो मला दुसरेच काहीतरी देत होता. तेव्हापासून माझा नियम असा आहे की खरेदीच्या आठवड्यात कच्च्या बियांचा भाव काय चालू आहे ते पाहायचे (तिथल्या बातम्यांत तो रोज येतो), त्यात पाचवा हिस्सा मिळवायचा आणि त्याहून स्वस्त जे काही असेल त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही.

ते 'दुसरे काहीतरी' बहुतेक वेळा भाजलेले सोयाबीन किंवा मका असते. यामागे नुसती लबाडी नाही. युद्धकाळात आणि त्यानंतरच्या टंचाईत कॉफी पुरवठ्याला यावी म्हणून ही भेसळ रूढ झाली, आणि हळूहळू लोकांना त्या दाट, काळ्या, फेसाळ पेयाचीच चव लागली. खरी कॉफी पेल्यात तांबूस-तपकिरी दिसते आणि उजेडासमोर धरल्यावर तिच्यातून थोडे आरपार दिसते. ती पाहून "पातळ आहे" म्हणणारे जुने गिऱ्हाईक तिथेही भेटते. लोणी, साखर, क्वचित दारू आणि चिमूटभर मीठ किंवा मासळीचा रस घालून भाजण्याची पद्धत ही वेगळी गोष्ट आहे. ती भेसळ नव्हे, ती तिथली शैली आहे, आणि रोबस्टाचा कडवटपणा गोलसर करण्यासाठी ती जन्माला आली.

आता रोबस्टाविषयी. कॉफीचे रोप व्हिएतनाममध्ये १८५७ मध्ये फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांनी आणले असे सांगतात, पण आजचा अफाट पसारा १९८६ च्या 'दोइ मोइ' आर्थिक सुधारणांनंतरचा आहे. (जाता जाता : १९८० मध्ये पूर्व जर्मनीने स्वतःच्या कॉफीटंचाईवर उपाय म्हणून व्हिएतनामशी लागवडीचा करार केला होता. झाडे भरघोस पिकू लागली तोवर पूर्व जर्मनी हा देशच उरला नव्हता.) आज ब्राझीलनंतर जगात सर्वाधिक कॉफी इथे पिकते आणि रोबस्टात तर व्हिएतनाम पहिला आहे. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी एका पेल्यावर थांबावे.

पाकिटावर तीन जातींची नावे दिसतात. रोबस्टाला स्थानिक भाषेत 'वोइ', अरेबिकाला 'चे' आणि एक्सेल्साला 'मित' म्हणतात. 'चे' म्हणजे चहा आणि 'मित' म्हणजे चक्क फणस. पानांच्या साम्यावरून ही नावे पडली असून 'का फे मित'मध्ये फणसाचा गरा नसतो. मी मात्र तो शोधला होता. 'कुली' हा शब्द दिसला तर दचकू नये. फळात दोनऐवजी एकच गोल बी धरते तिला, म्हणजे आपल्याकडच्या पीबेरीला, तिथे कुली म्हणतात.

प्रदेशही पाहावा. बुओन मा थुओत आणि भोवतालचा दाक लाक प्रांत हे रोबस्टाचे माहेर आहे, आणि त्या कॉफीला २००५ पासून भौगोलिक मानांकन आहे. अरेबिका हवी असेल तर दा लात जवळचे काउ दात हे सुमारे १,५०० मीटर उंचीवरचे गाव किंवा उत्तरेतला सोन ला प्रांत यांची नावे शोधावीत. घट्ट गोड (कंडेन्स्ड) दुधाशिवाय, नुसती काळी कॉफी पिणाऱ्याने अरेबिका घ्यावी. ज्याला रस्त्यावरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून प्यायलेली 'का फे सुअ दा' घरी हवी आहे, त्याने अरेबिकाच्या महाग पाकिटाच्या मोहात पडू नये, कारण घट्ट गोड दूध आणि बर्फ यांच्यापुढे ती बिचारी टिकत नाही.

कोथरूडकर

उत्तम माहिती. आम्ही दोन आठवड्यांनी हनोई, दा नांग आणि सायगाव असे जात आहोत. सासऱ्यांनी 'ती मांजराची कॉफी' आणायला सांगितले आहे. ती बाजारात स्वस्तातही मिळते असे एका सहलवाल्याने सांगितले. आणावी का? शिवाय व्हिएतनामी वाचता येत नसताना पाकिटावरून भेसळ कशी ओळखायची, हेही सविस्तर सांगावे.

पायवाट

कोथरूडकर, सासऱ्यांची समजूत घालण्याचे काम तुमच्याकडे, कारण माझे मत स्पष्ट 'नको' असे आहे. उदमांजराने खाल्लेल्या फळांच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांच्या या कॉफीला तिथे 'का फे चोन' म्हणतात. रानातून वेचलेली खरी चोन इतकी दुर्मीळ आणि महाग असते की ती पर्यटकांच्या बाजारात ढिगाने मिळूच शकत नाही. जी थोडी खरी असते ती बहुतांशी पिंजऱ्यात कोंडून फळे खाऊ घातलेल्या उदमांजरांची असते, आणि ते पिंजरे पाहिल्यावर घोट घशाखाली उतरत नाही. उरलेली सगळी म्हणजे साध्या रोबस्टाला लावलेला सुगंध आणि पाकिटावर मांजराचे चित्र. काही मोठे उत्पादक किण्वनाने (बिया आंबवून) तशी चव आणून विकतात. ते निदान प्राण्याच्या वाट्याला जात नाहीत, पण किंमत पाहता त्याच पैशांत दोन पाकिटे चांगली कुली घ्यावी असे मी म्हणेन.

वाचण्याचे म्हणाल तर लिपी रोमनच आहे, फक्त अक्षरांवर-खाली चिन्हांची गर्दी असते. 'का फे हात' म्हणजे अख्खे दाणे, 'का फे बोत' म्हणजे पूड आणि 'होआ तान' म्हणजे पाण्यात विरघळणारी इन्स्टंट. 'न्गुयेन चात' म्हणजे शुद्ध, आणि 'रांग मोक' म्हणजे काहीही न घालता भाजलेली. मोक आणि मोका यांत गल्लत करू नये, मोका ही अरेबिकाची जात आहे. पाकीट उलटे करून 'थान फन', म्हणजे घटक, ही ओळ शोधावी. तिथे फक्त कॉफी लिहिलेले असेल तर उत्तम. 'दाउ नान्ह' म्हणजे सोयाबीन. 'हुओंग लिएउ' म्हणजे घातलेला सुगंध. आणि दक्षिणेत मक्याला 'बाप' म्हणतात, त्यामुळे कॉफीत बाप निघाला तर पाकीट परत मांडणीवर ठेवावे. 'एन-एस-एक्स' या अक्षरांपुढे उत्पादनाची तारीख असते आणि 'एच-एस-डी' पुढे वापराची मुदत. दिवस-महिना-वर्ष हा क्रम आपल्यासारखाच आहे. मुदत दोन वर्षांची असली तरी भाजल्यापासून पहिल्या दोन महिन्यांतच खरा स्वाद असतो, म्हणून पहिली तारीख पाहावी. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर होते, पण चकचकीत पाकिटावर ते अनेकदा गडबडते. तेव्हा एवढे शब्द पाठ असलेले बरे.

निशिगंधा

शाकाहारी मंडळींसाठी भर घालते. घटकांत 'ब' (लोणी) दिसले तर ते निदान दुधाचे आहे असे समजून आम्ही पुढे जातो, पण 'न्युओक माम' म्हणजे मासळीचा रस, आणि जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांत तो थोडा का होईना पडतो. सुट्या कॉफीवर घटक लिहिलेलेच नसतात, म्हणून माझ्या सासूबाईंसाठी मी फक्त 'रांग मोक' लिहिलेले बंद पाकीट घेते. हनोईतली प्रसिद्ध 'का फे चुंग' म्हणजे अंड्याची कॉफी. १९४६ च्या सुमारास दुधाची टंचाई असताना मेट्रोपोल हॉटेलात काम करणाऱ्या न्गुयेन वान झांग यांनी अंड्याचा पिवळा बलक फेटून ती केली, आणि त्यांच्या नावाचे कॅफे आजही जुन्या हनोईत चालते. वरची साय पाहून ती दुधाचीच समजून आमच्या गटातल्या एका काकूंनी अर्धा पेला संपवला होता. ह्यू शहराची खारी कॉफी मात्र निर्धास्त प्यावी. तिच्यात मीठ घातलेली दुधाची साय असते.

चिकमगळूरचा_पाहुणा

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. आपल्या देशात पिकणाऱ्या कॉफीतलीही सुमारे सत्तर टक्के रोबस्टाच आहे आणि कोडगू-वायनाडची चांगली रोबस्टा परदेशी इटालियन मिश्रणांत मानाने जाते. मग सात किलोच्या हातसामानातले दोन किलो खर्चून तीच जात तिकडून का आणायची? माझ्या मते आणण्यासारखी खरी वस्तू म्हणजे 'फिन'. तळाला भोके असलेली छोटी वाटी, आत दाब देणारी चकती आणि वर झाकण, एवढेच ते यंत्र, आणि स्टीलचे घेतले तर आयुष्यभर टिकते. मी घरी कोडगूची पीबेरी रोबस्टा भरड दळून फिनमध्ये घालतो, खाली दोन चमचे मिल्कमेड, आणि सायगावला राहून आलेला मित्रही फसतो. दुधाचे डबे तिकडून आणण्याचा उपद्व्याप तर मुळीच करू नये. हातसामानात ते द्रव म्हणून काढून घेतात.

पायवाट

पाहुणे, निम्मे मान्य. फिनविषयी शंभर टक्के मान्य, आणि ॲल्युमिनियमऐवजी स्टीलचाच घ्यावा हेही. बाजारात ५०,००० डोंगांच्या आसपास चांगला मिळतो. चकती दोन प्रकारची असते, पेचाने आवळायची किंवा नुसत्या वजनाने बसणारी. नवशिक्याने दुसरी घ्यावी, कारण पेच जास्त आवळला की थेंब पडायचाच थांबतो. मात्र चव एकच असते हे मान्य नाही. तिकडची भाजणी जास्त गडद असते आणि लोण्याचा जो हात त्यावर फिरलेला असतो तो आपल्या पुडीत येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक फिल्टर कॉफीत चिकोरी असते आणि दळणही बारीक असते. ते फिनमधून चिखलासारखे खाली उतरते.

कृती लिहिलीच नव्हती, ती इथे देतो. २० ते २५ ग्रॅम भरड पूड फिनमध्ये घालून हलकेच सपाट करावी आणि चकती ठेवावी. उकळी येऊन अर्धा मिनिट झालेले पाणी आधी दोनतीन चमचेच घालावे. पूड फुगून येईपर्यंत थांबावे, मग फिन काठोकाठ भरून झाकण ठेवावे. चार-पाच मिनिटांत सगळे उतरले पाहिजे. दोन मिनिटांत उतरले तर पूड कमी किंवा फार भरड, आणि दहा मिनिटे लागली तर फार बारीक. उत्तरेत दूध घातलेल्या थंड कॉफीला 'नाउ दा' म्हणतात आणि दक्षिणेत 'सुअ दा'. फार कडक वाटणाऱ्यांनी सायगावात 'बाक सिउ' मागावी. तिच्यात दूध जास्त आणि कॉफी नावाला असते, आणि तो शब्द चोलोनच्या चिनी वस्तीतून आला आहे.

शंकेखोर

पाण्यावर पूड टाकून पाहण्याची परीक्षा कितपत खरी? आमच्याकडे चिकोरी ओळखायला करतात.

चिकमगळूरचा_पाहुणा

चिकोरी थंड पाण्यात लगेच तपकिरी रेघा सोडत तळाशी जाते आणि कॉफी बराच वेळ तरंगते, हे खरे. भाजलेले सोयाबीन-मकाही कॉफीपेक्षा जड असतात, त्यामुळे तेही लवकर बुडतात. पण लोणी लावून भाजलेली पूड तेलकटपणामुळे हट्टाने तरंगत राहते, म्हणून तरंगली म्हणजे शुद्धच असे समजू नये. बुडाली तर मात्र शंका घ्यावी. दुसरी खूण पाकीट हातात घेतल्यावर कळते. एकाच वजनाच्या दोन पाकिटांत शुद्ध कॉफीचे पाकीट जास्त फुगीर दिसते. सर्वांत सोपे म्हणजे अख्खे दाणे घेऊन घरी दळणे, कारण दाण्यांत सोयाबीन लपवता येत नाही.

बे_एरियातली_मावशी

इकडे अमेरिकेत सॅन होजेला व्हिएतनामी वस्ती मोठी आहे आणि त्यांच्या दुकानांत वर्षानुवर्षे न्यू ऑर्लिन्सच्या 'काफे दु मोंद'चे पिवळे-नारिंगी डबे दिसतात. तो प्रकार चिकोरीमिश्रित आहे. निर्वासित होऊन आलेल्या लोकांना गावाकडच्या गडद कॉफीच्या जवळ जाणारी तीच मिळाली, म्हणून ती रूढ झाली. अमेरिकेतल्या उपाहारगृहात प्यायलेली चव शोधत कोणी हनोईला जाणार असेल तर ती तिथे सापडणार नाही. आणखी एक सूचना : तिकडून अमेरिकेला येताना ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातसामानात ठेवू नये, चेक-इन बॅगेत टाकावी. माझ्या भाच्याचे एक पाकीट अशा तपासणीत राहून गेले.

पायवाट

मावशी, आभार. भारतात येणाऱ्यांसाठीही एक सांगतो. भाजलेली कॉफी आणायला हरकत नसते, पण हौसेने कच्च्या हिरव्या बिया आणू नयेत. त्या वनस्पती-विलगीकरणाच्या नियमांत अडकतात.

कुठून घ्यावी हे राहिलेच. रोजच्या पाकिटांसाठी को-ऑपमार्ट किंवा विनमार्टसारखे सुपरमार्केट सर्वांत बरे, कारण भाव छापील असतो आणि माल फिरता राहतो. १९९६ मध्ये बुओन मा थुओतला सुरू झालेल्या ट्रुंग न्गुयेन या कंपनीची आकडे घातलेली पाकिटे तिथे असतात. ते आकडे कडकपणाची चढती पायरी नसून वेगवेगळ्या मिश्रणांचे आहेत, तेव्हा 'पाच नंबर म्हणजे सर्वांत भारी' असे धरून चालू नये. त्यांचीच जी-सेव्हन ही इन्स्टंट कॉफी कार्यालयात वाटायला सोयीची, पण थ्री-इन-वनमध्ये साखर आणि क्रीमर हाच मोठा भाग असतो. भेट म्हणून चांगली वस्तू द्यायची असेल तर एखाद्या छोट्या भट्टीच्या कॅफेत जाऊन भाजल्याची तारीख विचारून दाणे घ्यावेत. विमानतळावर तीच पाकिटे महाग पडतात. चांद्र नववर्षाच्या म्हणजे तेतच्या आठवड्यात लहान भट्ट्या बंद असतात.

पैसे देताना २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर असतात हे विसरू नये. घाईत मी एकदा दुसरी देऊन बसलो होतो. दुकानदाराने स्वतःहून हाक मारून परत दिली.

कोथरूडकर

परवा परतलो. दा नांगच्या बाजारात 'चोन'चे अर्धा किलोचे पाकीट ६०,००० डोंगांना देऊ केले. तुमचा पाचव्या हिश्श्याचा हिशेब मोबाइलवर मांडला आणि हसून पुढे गेलो. सायगावात सुपरमार्केटमधून 'रांग मोक' लिहिलेले दोन किलो दाणे आणि तीन स्टीलचे फिन घेतले. एका पाकिटावर 'बाप' सापडला, त्याचा फोटो बायकोने सासऱ्यांना पाठवला. सासरे मांजराबद्दल नाराज होते. काल संध्याकाळी त्यांना फिनमधून पडणारे थेंब पाहत बसवले, तर पाच मिनिटांत दोनदा उठून "अडकले की काय" म्हणून झाकण उघडून पाहिले. आज सकाळी फोन आला की दाणे दळून संपले आहेत, आणि कोडगूची पीबेरी पुण्यात नेमकी कुठे मिळते ते पाहुण्यांना विचार.